लाभार्थीची सही



गेल्या रविवारी नात आली होती. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा होतो न होतो तोच तिने पिशवीतून एक वही काढली. "आजी, दोन क्रेडिट मिळवायचीत. वस्तीतल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं आहे. तू आयुष्यभर तेच केलंस, मला टाचण करून दे ना."

वही उघडून पाहिली. रकाने आखलेले: तारीख, वेळ, एकूण तास, विद्यार्थ्याची सही, लाभार्थीची सही. तो शेवटचा रकाना पाहिला आणि पन्नास वर्षे मागे गेले. पण आधी थोडा इतिहास सांगते. (माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर म्हणतील, बाईंचं सुरू झालं! असो.)

शिकता शिकता समाजाचे काम करायचे आणि ते अभ्यासक्रमात धरायचे, याला अमेरिकेत 'सर्व्हिस लर्निंग' म्हणतात. हा शब्द तिकडे १९६६-६७ च्या सुमारास रुळू लागला. आपल्याकडे तोपर्यंत या विषयावर बरीच वर्षे खल झालेला होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे सुचवले होते. पंडित नेहरूंच्या मनात तर पदवी घेण्याआधी प्रत्येकाने काही काळ समाजसेवा केलीच पाहिजे, असे होते. मग १९५९ साली एक समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, तर आपले सी. डी. देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच चिंतामणराव. तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. समितीने सांगितले की शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीची करा. एवढ्या मुलांची सोय कुठे आणि खर्च कोण करणार? शिफारस बासनात गेली. पुढे के. जी. सय्यिदैन यांनी इतर देशांतले प्रयोग अभ्यासले आणि सांगितले, सक्ती नको, स्वेच्छा असू द्या.

दरम्यान १९६२ चे चीन युद्ध झाले आणि कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली. ती सक्ती पुढे सैल झाली आणि तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना पुढे आली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती सुरू केली. ३७ विद्यापीठे, ४० हजार विद्यार्थी. हल्ली वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि वर एक शिबिर, असे तिचे गणित असते.

या सगळ्या खलात भांडण कशावर होते बघा. सक्ती की स्वेच्छा? किती महिने, किती तास? नंतरच्या काळात, गुण द्यायचे की नाही? सगळे प्रश्न शिकवायला जाणाऱ्या पोराचे. शिकणाऱ्या बाईला काय हवे, हा प्रश्न कुठल्या समितीपुढे फारसा आलाच नाही.

आता माझी गोष्ट. योजना आमच्या कॉलेजात आली तेव्हा मी बी.ए.ला होते. १९७१ च्या डिसेंबरात दहा दिवसांचे शिबिर एका गावात होते. दिवसा रस्त्याचे काम, संध्याकाळी प्रौढ वर्ग. सातारा जिल्ह्याला हे नवीन नव्हते. ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली इथेच सुरू झाली होती आणि नंतर राज्यभर गेली. गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. माझे वडील प्राथमिक शिक्षक, त्यांना कंदील घेऊन रात्रीच्या वर्गाला जाताना मी लहानपणी पाहिले होते. त्यामुळे मला वाटे, आपल्याला हे जमणारच.

माझ्या वाट्याला चाळिशीच्या एक बाई आल्या. घरची शेंग स्वतः बाजारात नेऊन घालायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोरी, मला सही नगं. काट्यावरचं आकडं शिकीव. व्यापारी म्हनतो किती आन् काटा दावतो किती, तेवढं कळलं म्हंजी झालं."

पण अहवालात 'सही करू लागलेल्या प्रौढांची संख्या' असा रकाना होता. आमच्या सरांनी स्पष्ट सांगितले, आधी सही. मी वीस वर्षांची, ऐकले. त्यांच्या नावात दोन जोडाक्षरे होती, त्यातच आठ दिवस गेले. समारोपाला पाहुण्यांसमोर त्यांनी कागदावर सही केली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. निघताना त्या एसटीपर्यंत आल्या. रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "आकडं ऱ्हायलं बग."

"पुढच्या वर्षी येऊ ना आम्ही," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावाला गेले. आणि ते वर्ष होते १९७२ चे, दुष्काळाचे. त्या बाई कुठल्यातरी कामावर खडी फोडत असतील. मस्टरवर त्यांना सही नक्की करता आली असेल. पुढे लिहिलेली मजुरी वाचता आली नसेल. मला त्या शिबिराबद्दल दहा गुणांची प्रमाणपत्राची जी काही प्रतिष्ठा मिळायची ती मिळाली. नोकरीच्या मुलाखतीत मी ते अभिमानाने दाखवलेसुद्धा.

सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. १ मे १९८६ पासून कॉलेजच्या मुलांकडून साक्षरतेचे काम मोठ्या प्रमाणावर करून घ्यायला सुरुवात झाली. त्यातून केरळात कोट्टायम शहरात जे झाले ते मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या विद्यापीठाचे कुलगुरू होते कन्नड लेखक यू. आर. अनंतमूर्ती. विद्यापीठाचे एन.एस.एस.चे विद्यार्थी, जिल्हा प्रशासन आणि नगरपालिका यांनी मिळून शहरातले निरक्षर शोधले. साधारण दोन हजार निघाले. शंभर दिवस शिकवले आणि २५ जून १९८९ रोजी शहर पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाले. मग एर्नाकुलम जिल्हा, मग १९९१ मध्ये सगळे राज्य. तिथे मुलांचे तास मोजून काम संपत नव्हते, शहरातला शेवटचा निरक्षर माणूस वाचू लागला की संपत होते. हा फरक मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर कळला, हे माझे दुर्दैव.

अमेरिकेत रॉबर्ट सिग्मन म्हणून याच विषयातले एक जाणकार होते. त्यांनी १९७९ साली तीन तत्त्वे मांडली. पहिलेच असे की, ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांच्याच हाती तिची सूत्रे हवीत. माझ्या बाईंनी तेच आठ वर्षे आधी अस्सल सातारी भाषेत सांगितले होते.

आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजातल्या कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. मला ते वाईट वाटत नाही. गुणांच्या लोभाने का होईना, पोर वस्तीत जाते, तिथला जिना चढते. पण टाचण मात्र मी करून दिले नाही. नातीला म्हटले, पहिले दोन तास काही शिकवू नकोस, नुसते विचार.

"ते तास वहीत कुठल्या रकान्यात लिहू?" तिचा प्रश्न. मला उत्तर आले नाही.

बुधवारी रात्री तिचा फोन आला. सात बायका जमल्या होत्या. पाच जणींना सही येतेच. त्यांना हवे आहे ते वेगळेच: मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, तो इंग्रजीत असतो आणि पैसे आले की गेले ते कळत नाही. दर वेळी मुलाला नाहीतर शेजाऱ्याला विचारावे लागते.

मग रात्री बसून टाचण केले. पहिले चार तास नुसते आकडे. पाचव्या तासाला दोनच शब्द, क्रेडिट आणि डेबिट.