सामन्याला गर्दी का जमते?

मंडळी, चैत्र लागला की खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतून गावोगावच्या यात्रा सुरू होतात. या दिवसांत नाशिकच्या रस्त्याने कुरुळी ओलांडून चाकणच्या पुढे गेलात, तर कुठल्या ना कुठल्या फाट्यावर टेम्पो, मोटारसायकली आणि बैल वाहून आणणाऱ्या गाड्या यांची दाटी दिसेल. आत गेलात की गावचा घाट. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी राखलेली चढाची धावपट्टी. पुढे घोडी, तिच्यामागे कांडे, म्हणजे पुढची जोडी, आणि गाड्याला लागून जुकाट, म्हणजे मागची जोडी. कर्ण्यावरून आरोळी उठते, “झाली, झाली... भिर्रर्र!” धूळ उडते, भंडारा उधळला जातो, घड्याळ थांबते आणि बारी संपते. सगळा मामला पंधरा सेकंदांच्या आतबाहेरचा.

आता मला सांगा, पंधरा सेकंदांचा खेळ बघायला माणूस दिवसभर उन्हात का उभा राहतो? बसायला खुर्ची नाही, डोक्यावर छप्पर नाही, धूळ नाकातोंडात जाते. आणि त्याच माणसाला चांगल्या बांधलेल्या मैदानावर, चांगल्या खेळाडूंचा सामना बघायला बोलावले, तर तो “बघू की” म्हणतो आणि येत नाही. हे कोडे मला फार दिवस पडलेले आहे. शाळेत खेळाचे सामने भरवणाऱ्या गुरुजींनाही ते पडत असावे.

पहिले उत्तर कोणीही देईल, ते म्हणजे बक्षीस. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या चिखलीच्या घाटावर पहिल्या बक्षिसाला चक्क माती उकरणारे जेसीबी यंत्र ठेवले होते. गर्दीही तशीच लोटली. पण जरा विचार करा. यंत्र मिळणार एका मालकाला. घाटावर उभे असलेले बाकीचे हजारो लोक रिकाम्या हाताने घरी जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा बक्षिसाने गाडे येतात. नावाजलेले बैल आले म्हणून हौशी माणसेही येतात. पण सगळी गर्दी त्याने उलगडत नाही.

कर्ण्यावर काय पुकारले जाते ते नीट ऐका. मालकाचे नाव येते आणि त्याला जोडून गावाचे नाव येते. गावाचे नाव निघाले की घाटाच्या एका बाजूने आरडाओरडा होतो. ज्याच्या दावणीला एकही बैल नाही तोसुद्धा फेटा उडवतो. कारण त्या पंधरा सेकंदांत त्याचेही काही तरी पणाला लागलेले असते. शिवाय त्या दिवशी लेकी माहेरी आलेल्या असतात, मुंबईची माणसे गावी आलेली असतात. १९८२ च्या संपापर्यंत गिरणगावात राबणारी आपल्या जिल्ह्यातली माणसे एक वेळ दिवाळीला आली नाहीत तर चालायचे, पण यात्रेला न येणे म्हणजे नाव सोडून दिल्यासारखेच. संध्याकाळी तमाशा असतो. त्याची सुपारी गावकऱ्यांनी पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन दिलेली असते. दुसऱ्या दिवशी आखाडा भरतो. या सगळ्यात शर्यत कुठे संपते आणि घरी येणे कुठे सुरू होते, हे सांगता यायचे नाही.

गंमत अशी, की हीच युक्ती सातासमुद्रापलीकडे कॉलेजांनी वापरली. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात धरून पळतात. दोन कॉलेजांमधला त्या फुटबॉलचा पहिला मानला जाणारा सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, तेव्हा बघायला शंभरेक माणसे होती. पुढे १९११ साली मिसुरी विद्यापीठाने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडला, की शेजारच्या कॅन्ससविरुद्धच्या सामन्याला घरी या. घरी या, हे शब्द बघा! हळूहळू देशभर हा रिवाज झाला. वर्षातला एक सामना जुन्या मुलांच्या घरी येण्याचा. आज मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ साली बांधलेल्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात, आणि ते ज्या ॲन आर्बर गावात आहे त्याची वस्तीच सव्वा लाखाच्या आसपास. गावाएवढी माणसे एका मैदानात! म्हणजे ती यात्राच झाली की नाही?

तिकडच्या लोकांनाही एक भीती वाटली होती, आणि रेडिओवर बोलणाऱ्याने ती सांगितलीच पाहिजे. सामना घरबसल्या दिसू लागला तर मैदानावर कोण येणार? म्हणून १९५० नंतर तिथल्या कॉलेजांच्या क्रीडासंस्थेने दूरचित्रवाणीवर दाखवायच्या सामन्यांवर बंधन घातले. ते बंधन १९८४ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढले. तरी ती मोठी मैदाने ओस पडली नाहीत. आपल्याकडेही बाळ पंडितांचे मराठी धावते समालोचन कानाला लावून बसलेला माणूस संधी मिळताच मैदानावर गेलाच ना? घरात सामना दिसतो, ऐकू येतो. पण आपण तिथे होतो हे सांगता येत नाही.

आपल्या राज्यात हे कोडे उलगडायला कोल्हापूरसारखी दुसरी जागा नाही. तिथला कुस्तीचा खासबाग आखाडा शाहू महाराजांनी १९१२ च्या सुमारास उभा केला. मधे माती आणि भोवती चढत गेलेला उतार, अशी त्याची रचना. कुठेही बसा, कुस्ती दिसते. माणसाला यावेसे वाटायचे तर आधी त्याला दिसले पाहिजे, इतकी साधी गोष्ट आपले कितीतरी मैदान बांधणारे विसरतात. पण मला सांगायचे आहे ते कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी. पेठापेठांतल्या तालमी मुळात कुस्तीच्या. त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे बघा, एकाही नावात शहर नाही, कंपनी नाही. गल्ली आणि पेठ आहे. गणपती ज्या मंडळाचा, संघ त्याच मंडळाचा. शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना असला की कामधंदा लवकर आटोपतो. आजोबा ज्या संघाकडून ओरडले, नातूही त्याच संघाकडून ओरडतो. पेठेतला पोरगा गोल करतो तेव्हा त्याला लहानपणी दूध घालणारा, शाळेत कान पिळणारा, असे सगळे तिथे हजर असतात. या मातीतून अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

सगळे गोड आहे असे मात्र समजू नका. ज्या ईर्ष्येने गर्दी जमते त्याच ईर्ष्येने तिथे हाणामाऱ्याही झाल्या आहेत. आणि संघ जिंकावा म्हणून परगावचे, अगदी परदेशचे खेळाडू आणण्याची चढाओढही लागली.

आता पुण्याकडे या. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा संघ निघाला. बालेवाडीचे मैदान १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलेले, म्हणजे जागा उत्तम. पैसा होता, ज्यांना जग ओळखते असे परदेशी खेळाडू होते. बघणारेही येत. पण २०१९ मध्ये संघ गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मंडळी, पाटाकडील तालीम कोणी उचलून हैदराबादला नेईल का? शहराचे नाव लावले म्हणून संघ शहराचा होत नाही, एवढेच मी म्हणतो. उलट गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाची गोष्ट ऐका. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले आणि चेन्नईच्या संघाला आपले घरचे सामने इकडे आणावे लागले. तर त्या संघाच्या चाहत्यांनी भरलेली खास आगगाडी चेन्नईहून पुण्याला आली! पंढरीचा विठोबा जिथे जाईल तिथे वारी जाईल, असाच तो प्रकार.

हां, आणखी एक गोष्ट आहे. निकाल आधी ठाऊक असेल तर घरचा माणूससुद्धा कंटाळतो. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतल्या बेसबॉलविषयी लिहिले, की कोण जिंकेल याची खात्री नसणे ही खेळाची खरी पुंजी आहे. आपल्या आखाड्यात जोड लावणाऱ्या म्हाताऱ्यांना हे न वाचताच कळलेले असते. ते दोन्ही पैलवानांचे खांदे, मान, वय डोळ्यांनी तोलतात आणि मगच हात उंच करतात. जोड चुकली की लोक शिट्ट्या मारतात.

आता थोडी कडू आठवण. आपल्या देशात खेळाला फार मोठी गर्दी जमवणारी एक स्पर्धा मुंबईत होत असे. १९१२ पासून तिला चौरंगी म्हणत आणि १९३७ पासून पंचरंगी. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘बाकीचे’ असे ते संघ. ‘बाकीच्यां’कडून आपल्या सांगलीच्या विजय हजारे यांनी १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या, तरी सामना हिंदू संघाने जिंकला. ब्रेबर्न स्टेडियम माणसांनी फुलून जाई. तिथेही माणूस आपल्या नावासाठीच येत होता, फक्त ते नाव धर्माचे होते. १९४० साली गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. रणजी करंडकाच्या सामन्यांना तशी गर्दी पुढे जमली नाही. कित्येकांनी हळहळ केली. माझे मत विचाराल तर बंद झाली ते योग्यच झाले. रिकाम्या खुर्च्या परवडल्या. गर्दी जमली म्हणजे चांगलेच झाले असे नव्हे, ती कोणत्या नावाने जमली हेही बघावे लागते.

घाटाचेही असेच आहे. बैलाला काठीने, खिळ्याने, विजेच्या झटक्याने पळवले जाते ही तक्रार खोटी नव्हती. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैल खेळांत वापरायला बंदी आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी शर्यतींना परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. आता चाबूक नको, बैलांची डॉक्टरी तपासणी हवी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मधल्या दहा वर्षांत, करोनाचा काळ सोडला, तर यात्रा बंद नव्हत्या. पालखी निघत होती, तमाशा होत होता, आखाडा भरत होता. पण घाट ओस होते. शेतीची कामे ट्रॅक्टरने करणारे मालकही शर्यतीचे बैल पदरमोड करून सांभाळत राहिले. परवानगी आली तशी माणसे परत आली. दहा वर्षांत जी पोरे मोठी झाली, ज्यांनी घाट कधी पाहिलाच नव्हता, तीही आली. सवयीने गर्दी जमते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि आता कुरुळीत परत येऊ. १९९९ मध्ये चाकणला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मागून महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आले. चिंबळीपासून चाकणपर्यंत शेताच्या बांधांवर खोल्या उठल्या. त्या खोल्यांत लातूर, बीड, यवतमाळची माणसे आहेत, बिहार-उत्तर प्रदेशची आहेत. ती यात्रेत येतात, पाळणा बघतात, घाटाच्या कडेला उभी राहतात. कर्ण्यावर गावांची नावे पुकारली जातात तेव्हा ती गप्प असतात. त्यांच्या गावची यात्रा इथून शेकडो कोसांवर असते आणि कारखान्यात रजा मिळत नाही. मात्र त्यांची मुले आपल्याच शाळांत शिकतात, कबड्डीत आणि खो-खोत आपल्याच शाळेच्या संघात खेळतात.

गुरुजी, शाळेचा सामना बघायला कोणी येत नाही अशी तुमची तक्रार मी ऐकली आहे. तर सामना शाळेच्या वेळेत ठेवू नका, पहिली पाळी सुटून माणसे खोलीवर आल्यानंतर ठेवा. शेजारच्याच गावच्या शाळेशी ठेवा, लांबच्या नामांकित शाळेशी नको. बाजूला मातीचा ओटा घाला, म्हणजे मागच्यालाही दिसेल. एखाद्या घाटावरच्या पुकारणाऱ्याला बोलावून आणा. त्याला सांगा, चढाईला जाणाऱ्या पोराचे नाव घेताना आधी कुरुळीचे नाव घ्यायचे, आणि मग त्याच्या बापाच्या मूळ गावाचे. यवतमाळकडच्या एखाद्या खेड्याचे नाव इथल्या कर्ण्यावर पहिल्यांदा निघाले, की कुंपणापाशी कामाच्या कपड्यांतच उभा असलेला कोणी तरी काय करतो, ते बघा.