पॉपसंगीतविषयक माहितीची पडताळणी
विकिपीडियावरील पॉप गायक, गीते व ध्वनिमुद्रिकांविषयीची विधाने स्वयंसेवी संपादकांनी विश्वसनीय संदर्भांशी ताडून पाहण्याची प्रक्रिया. २००१ मध्ये सुरू झालेल्या या मुक्त कोशात (पहा : विकिपीडिया) कोणालाही भर घालता येत असल्याने तिची गरज निर्माण झाली. सर्वांत नाजूक बाब विक्रीच्या आकड्यांची. ध्वनिमुद्रण कंपन्यांचे दावे फुगलेले असू शकतात. म्हणून संपादक हे दावे प्रमाणित विक्रीशी ताडतात. अमेरिकेत ५ लाख एककांना सुवर्ण, तर १० लाखांना प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळते (पहा : ध्वनिमुद्रण उद्योग), मात्र आता इंटरनेटवरील श्रवणही त्यात धरले जात असल्याने एकक म्हणजे विकलेली प्रत नव्हे, हा भेद जपावा लागतो. चाहत्यांची संकेतस्थळे ग्राह्य नसतात. निराधार विधानाला ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतात. हयात कलावंताविषयीचे असे वादग्रस्त विधान तत्काळ काढून टाकतात.