नरक्या : पानांतील औषधाचा शोध

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या जंगलात आढळणारा नरक्या हा उग्र दुर्गंधीचा लहान वृक्ष कर्करोगावरील औषधासाठी ओळखला जातो. त्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी व डॉ. मन्‍रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडले. पाने सावलीत वाळवून त्यांची पूड मिथेनॉलमध्ये भिजवितात. अर्क आटवून क्रोमॅटोग्राफीने द्रव्याचे प्रमाण मोजतात व प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्कपेशींवर त्याचा परिणाम तपासतात. मुळे व खोडात हे द्रव्य अधिक असल्याने सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. पानांत ते कमी असले, तरी पाने खुडल्याने झाड मरत नाही.