झाडाचा पत्ता

पूर्वी आपल्याकडे झाडावरून पत्ता सांगायचे. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, चिचोली, पळसगाव, जांभळी. कोणत्याही जिल्ह्याच्या गावांची यादी काढून बघा, निम्मं वनस्पतिशास्त्र तिथंच सापडेल. तुमसरच्या शेजारचा तालुका मोहाडी. त्या नावात मोह ऐकू येतो. आमच्याच तालुक्यातल्या किल्ल्याचं नाव आंबागड. आणि भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या या अख्ख्या पट्ट्याला लोक म्हणतात झाडीपट्टी. माणसांनी आधी झाड बघितलं आणि मग स्वतःचा पत्ता ठरवला.

आता गणित उलटं झालंय. आता झाडाला पत्ता द्यावा लागतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, घर तुमसरला. गावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर ओळखीचे आहेत. त्यांना बी.एस्सी.च्या मुलांसाठी कॅम्पसमधल्या झाडांचा ऑनलाइन नकाशा करायचा होता. मुलांनी मोबाइल उघडावा, ठिपक्यावर बोट ठेवावं, नाव, कूळ, फुलायचा महिना दिसावा आणि त्याच मोबाइलच्या आधारानं त्या झाडापाशी जाऊन उभं राहावं. तांत्रिक भाग सोपा आहे. एक तक्ता करायचा: प्रत्येक झाडाला एक ओळ, त्यात अक्षांश, रेखांश, नाव, फोटो. तो तक्ता गुगलच्या ‘माय मॅप्स’मध्ये चढवला की ठिपके उमटतात. दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस पुरतात. पण हे चार दिवसांचं काम शक्य व्हायला साडेतीनशे वर्षं लागली आहेत, आणि ती गोष्ट आपल्या भागाच्या आसपासच घडली आहे.

गोष्ट दोन धाग्यांची आहे. एक धागा नावांचा, दुसरा जागेचा.

नावांपासून सुरू करू. १६७८ साली अॅमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा पहिला खंड छापला गेला. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवर काढलेले हे एकूण १२ खंड. माहिती देणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्यही. या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. ग्रंथातल्या चित्रांवर झाडाचं नाव लॅटिनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीतही दिलेलं आहे. म्हणजे माझ्या भाषेत सांगायचं तर एका झाडासाठी नावाचे चार रकाने.

पुढचा माणूस डाक खात्यातला. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. पत्रं पोचवण्याचा कारभार बघता बघता त्यानं मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी करायला घेतली. रानटी, लावलेल्या, बाहेरून आणलेल्या अशा सगळ्याच. १८३९ मध्ये, पुस्तक छापून पूर्ण व्हायच्या आत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो खंडाळ्याला गेला. उरलेलं काम निम्मो नावाच्या त्याच्या मित्रानं पुरं केलं. बागेत लावलेली झाडं यादीत घेणारा ग्रॅहम हा आमच्या कॅम्पसच्या नकाशाचा खरा पूर्वज. कारण कॅम्पसमधलं बहुतेक झाड कोणीतरी लावलेलंच असतं.

तिसरा माणूस तर थेट आमच्या बिरादरीतला. थिओडोर कुक हा इंजिनिअर होता. १८६० मध्ये तो बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत आला. वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलात त्याचा हात होता. नंतर तो पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्यावर त्यानं ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो निघाला आणि महाराष्ट्रातला वनस्पतींचा अभ्यासक आजही तो उघडतो. “इंजिनिअरला झाडांतलं काय कळतं?” असं कोणी विचारलं तर मी कुकचं नाव सांगतो.

पण कुकच्या ग्रंथात तुमसर नाही. असणारही नव्हतं. भंडारा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. झाडांना हद्द कळत नाही, पण ग्रंथांना कळते. संपूर्ण राज्याची वनस्पतिसूची भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं काढली ती १९९६ ते २००१ या काळात.

आता दुसरा धागा, जागेचा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ पोलादी साखळीनं सुमारे १२ किलोमीटरची एक रेघ मोजली आणि त्या रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो पुढे निघाला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढवला जायचा. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही सुरुवात. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्बटन वारला तो आपल्या वर्ध्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम एव्हरेस्टनं केलं आणि जगाला नाव माहीत झालं ते एव्हरेस्टचं.

त्या त्रिकोणांच्या पायावर जे नकाशे बनले त्यांना या भागात काय हवं होतं? तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीजच्या खाणी आहेत. १९०९ मध्ये एल. एल. फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. मध्य प्रांतातले साठे त्यात बारकाईनं नोंदवलेले आहेत. म्हणजे जमिनीखाली काय आहे याचा हिशेब शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झाला. जमिनीवर काय उभं आहे याचा एकेका झाडागणिक हिशेब ठेवायची गरज कोणाला वाटली नाही. साग मोजला गेला, कारण तो विकला जातो. बाकीचं सगळं ‘जंगल’ या एका शब्दात मावलं.

हिंगणघाटपासून मोबाइलपर्यंतचं अंतर कापलं ते उपग्रहांनी. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा आधीपासून होती, पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असायची; जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली. २००५ मध्ये गुगल मॅप्स आलं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल सुमारे ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. झाडाखाली मात्र आकाश मोकळं नसतं! पानं संकेत अडवतात, भिंतीवरून तो परावर्तित होऊन येतो. आणि कंपाउंडलगतचे अशोक एकमेकांपासून तीन मीटरवर. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. मोबाइल सहा-सात दशांश दाखवतो म्हणून ते खरे असतात असं नाही. म्हणून आम्ही इमारतीचा एक कोपरा पक्का धरला आणि रांगेतली झाडं टेपनं मोजून बसवली. उपग्रहाच्या जमान्यात शेवटी लॅम्बटनची साखळीच कामाला आली.

ठिपके उमटल्यावर जे दिसलं ते सरांनी वर्गात पहिल्याच दिवशी मुलांना विचारलं. रांगेत, समान अंतरावर काय आहे आणि कुठंही, वेडंवाकडं काय आहे? रांगेत होते गुलमोहर, पेल्टोफोरम, निलगिरी, काशीद, आणि ज्याला सगळे अशोक म्हणतात पण जो सीतेचा अशोक नाही असा उंच सडसडीत अशोक. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. वेडंवाकडं होतं पळस, कडुनिंब, बाभूळ, एक मोह, मागच्या कुंपणापाशी एक बिजा. म्हणजे रांगेतलं लावलेलं आणि वेडंवाकडं ते आपलं आपण आलेलं किंवा इमारतीच्याही आधीचं. नुसत्या यादीत हे दिसत नाही. यादीत गुलमोहर आणि मोह एकाखाली एक सारख्याच मानानं बसतात. नकाशा सांगतो की एकाला बोलावलंय आणि दुसरा घरमालक आहे.

खरी अडचण आली ती नावाच्या रकान्यात. तक्त्यात शास्त्रीय नाव ही प्रत्येक ओळीची पक्की ओळख धरायची असते. पण ती ओळखही हलते. २००५ च्या व्हिएन्ना इथल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली. जुन्या पुस्तकात एक, नव्या वेबसाइटवर दुसरं. तेवढ्यात बाभूळ मात्र बाभूळच राहिली.

मराठी नावाचं दुखणं वेगळं. इंटरनेटवर मराठी नाव शोधलं की बहुधा पश्चिम महाराष्ट्रातलं मिळतं. तिकडचा बिबळा आमचा बिजा. तिकडची टेंभुर्णी आमच्याकडे तेंदू. चारोळी बाजारात मिळते, पण झाडाचं नाव इकडे चार. कॅम्पसमध्ये काम करणाऱ्या माळीकाकांना मुलांनी कुंपणापाशी नेऊन विचारलं, “काका, हा बिबळा आहे ना?” काका म्हणाले, “असंल बापू. आमी तं याले बिजा म्हनतो.” आणि मग याच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायची जुनी रीत त्यांनी सांगितली. ‘बिबळा’ या नावानं विचारत राहिलो असतो तर हे पुढचं वाक्य आलंच नसतं. नाव ही किल्ली असते, चुकीची लावली तर कुलूप उघडत नाही.

सरांनी त्याच दिवशी दोन रकाने वाढवायला सांगितले: ‘इथलं नाव’ आणि ‘कोणी सांगितलं’. ऐनाच्या ओळीत मग मोहाडी-आंधळगावकडच्या एका मुलीनं स्वतःहून लिहिलं की कोशाच्या अळ्या यावर वाढवतात. तिच्या गावच्या बाजूला कोसा विणतात. पुस्तकात ऐनाचं कूळ होतं, तिच्याकडे त्याचं काम होतं. शिकवण्यासाठी केलेला नकाशा शिकणाऱ्यांनीच भरायला घेतला.

यात पणाला काय लागलंय, असं कोणी विचारेल. १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम सांगतो की शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटलं. पण वय सिद्ध करायला कुठंतरी आधीची नोंद लागते. रस्ता रुंद होतो, भिंत सरकते, नवी इमारत येते. तेव्हा नोंद असलेलं झाड तोडायला निदान कागद करावा लागतो. नोंद नसलेलं झाड नुसतं ‘साफसफाई’त जातं आणि त्याच्याबरोबर ‘बिजा’ हा शब्दही एका कॅम्पसमधून कमी होतो.

नकाशा झाड वाचवत नाही, हे मला माहीत आहे. लॅम्बटनच्या नकाशांनी तर उलटंच काम सोपं केलं. पण या नकाशाच्या प्रत्येक ओळीत तारीख आहे, घेर सेंटिमीटरमध्ये आहे, इथलं नाव आहे आणि ते सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. दर वर्षी नवी बॅच तोच घेर पुन्हा मोजणार आहे. पन्नास वर्षांनी कोणी विचारलंच की हा मोह किती जुना, तर उत्तर अंदाजानं द्यावं लागणार नाही. सध्या कुंपणापाशच्या त्या बिजाच्या ओळीत ‘फुलायचा महिना’ हा रकाना रिकामा आहे. पुस्तकातून भरता आला असता. सरांनी तो मुद्दाम तसाच ठेवलाय. पुढच्या वर्षी कोणीतरी मुलगा किंवा मुलगी मान वर करून बघेल आणि मग भरेल.