अशनी : संग्रह, ओळख आणि वर्गीकरण यांचा इतिहास



आकाशातून पडलेला दगड हातात आला, तर तो आकाशातलाच आहे हे कशावरून ठरवायचे? या पाठात आपण हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. वातावरणात जळताना दिसते ती उल्का, आणि जळून उरलेला जो भाग जमिनीवर पोहोचतो तो अशनी, एवढा फरक आधी लक्षात ठेवा.

१. दोन भूमी, दोन अडचणी

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळी हे गाव आहे. तेथील श्वेतविनायकाचे मंदिर प्रसिद्ध आहे. तंजावरच्या मराठी राज्यामुळे या परिसराशी मराठी भाषकांचा जुना संबंध आहे. हा सारा कावेरीच्या गाळाचा प्रदेश. येथे जमिनीत मूळचा खडक सहसा दिसत नाही. मंदिरांचा दगडसुद्धा बाहेरून आणलेला. म्हणून येथील शेतात एखादा जड, काळा दगड सापडला, तर तो कोठून आला हा प्रश्न लगेच उभा राहतो. पण लगेच "अशनी!" म्हणून चालणार नाही. जवळच्या स्वामिमलै गावात मूर्तींचे ओतकाम चालते, तेव्हा तो भट्टीतला मळही असू शकतो.

महाराष्ट्रात अडचण उलटी आहे. दख्खनचे पठार काळ्या बेसाल्टचे आहे. काळ्या दगडांच्या रानात पडलेला काळा दगड शोधायचा कसा? त्यात बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे खनिज असल्यामुळे तोही लोहचुंबकाला ओढ देतो. म्हणजे जी कसोटी सर्वांत सोपी वाटते, तीच येथे सर्वांत जास्त फसवते. याउलट अंटार्क्टिकाच्या बर्फावर काळा दगड दुरूनही दिसतो. १९६९ मध्ये जपानी संशोधकांना तेथे एकाच भागात नऊ अशनी मिळाले आणि त्यानंतर जगातील संग्रह झपाट्याने वाढले.

२. जहांगीरची तलवार आणि बनारसचे दगड

अशनीची भारतातील एक गाजलेली नोंद बादशहा जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधर परगण्यात लोखंडाचा तुकडा पडला. अधिकाऱ्याने जागा खणून तो दरबारी पाठवला. बादशहाने तो तोलायला लावला आणि त्यात साधे लोखंड मिसळून शस्त्रे घडवून घेतली. त्यातला एक सुरा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. पडल्याचा काळ, ठिकाण आणि वजन या तिन्ही गोष्टी नोंदवल्या गेल्या, हे येथे महत्त्वाचे. संग्राहकाची वही आजही याच तीन रकान्यांनी सुरू होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील बरेच विद्वान आकाशातून दगड पडतात हे मानायलाच तयार नव्हते. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन अभ्यासकाने ते मांडले, तेव्हा त्याची टिंगल झाली. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्याचे नमुने लंडनला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने बनारसचा दगड आणि युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले दगड एकत्र तपासले. त्या सर्वांच्या धातुकणांत त्याला निकेल सापडले. एकमेकांपासून हजारो मैलांवर पडलेले दगड एकमेकांसारखे, पण आजूबाजूच्या खडकांपेक्षा वेगळे! हे संशोधन १८०२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल येथे मोठा अशनिपात झाला. बिओने त्याची जागेवर जाऊन चौकशी केली आणि वाद जवळजवळ मिटला.

३. छंदातून संग्रहालयाकडे

एकोणिसाव्या शतकात अशनी जमवणे हा युरोपात एक छंद झाला. मँचेस्टरचे आर. पी. ग्रेग हे अशाच हौशी संग्राहकांपैकी एक. त्यांचा संग्रह १८६५ च्या सुमारास कोलकात्यासाठी विकत घेण्यात आला. त्यामागे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम होते. बस्ती येथे १८५२ मध्ये पडलेल्या अशनीत सापडलेल्या एका खनिजाला पुढे त्यांच्यावरूनच ओल्डहॅमाइट हे नाव मिळाले.

अशनीला तो जेथे सापडला त्या ठिकाणाचे नाव देतात. त्यामुळे आपल्याकडची लहान गावे जगाच्या सूचीत पोहोचली, कधी ओळखू न येणाऱ्या रूपात. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ५ ऑक्टोबर १८६६ रोजी पडलेला अशनी सूचीत 'जामखेइर' म्हणून नोंदला आहे. जामखेडच्या किती रहिवाशांना हे ठाऊक असेल?

४. वर्गीकरण आणि आपली गावे

अशनींचे ढोबळ प्रकार तीन : पाषाणी, लोही आणि पाषाण-लोही. पाषाणी अशनींपैकी बहुसंख्यांत बारीक गोल कण असतात. त्यांना कॉन्ड्रूल, आणि अशा अशनींना कॉन्ड्राइट म्हणतात. सामान्य कॉन्ड्राइटचे लोहाच्या प्रमाणानुसार एच, एल आणि एलएल असे गट पडतात. १९६७ मध्ये व्हॅन श्मुस आणि वुड यांनी त्याला अंकांची जोड दिली. सामान्य कॉन्ड्राइटमध्ये ३ म्हणजे मूळ रचना बरीचशी शाबूत, तर ६ म्हणजे मूळ ग्रहिकेत खूप तापून कॉन्ड्रूल पुसट झालेले.

आता तीन गावांची कहाणी पाहा. १८९० मध्ये तत्कालीन सेलम जिल्ह्यात काकनगरी येथे पडलेला अशनी कोणत्याच गटात बसेना. त्याच्यासारखे मोजकेच अशनी नंतर मिळाले आणि त्यांच्या लघुगटाला काकनगरीचे आद्याक्षर मिळाले. बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या दगडावरून 'शेरगॉटाइट' हा गट ठरला. हे दगड मंगळावरचे आहेत, हे १९८० च्या दशकात याच गटातील अंटार्क्टिकाच्या एका अशनीत कोंडलेल्या वायूंवरून स्पष्ट झाले.

तिसरे गाव लोणार. शेरघाटीच्या दगडात चेरमाक यांना १८७२ मध्ये काचेसारखा एक पदार्थ सापडला. त्यांनी त्याला मॅस्केलिनाइट म्हटले. प्रचंड आघाताने फेल्डस्पारचे असे रूपांतर होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला होता. तेथील बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट असल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आघाताची बाजू भक्कम झाली. विवर पाडणारा अशनी हाती नाही, पण शतकापूर्वी बिहारच्या दगडात ओळखलेली खूण महाराष्ट्रात साक्षीला आली. जुना नमुना नीट जपला, की तो असा पुढे कामी येतो.

५. काटोल, २२ मे २०१२

नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात भरदुपारी मोठा आवाज झाला आणि दगड पडले. एकूण सुमारे १३ किलो वजनाचे तुकडे मिळाले. वर्ग ठरला एल-६, म्हणजे अगदी सर्वसाधारण. हौशी संग्राहकाने कदाचित नाक मुरडले असते. पण २०२१ मध्ये संशोधकांनी या दगडातील आघाताच्या शिरांमध्ये लोह व ॲल्युमिनियमयुक्त ब्रिजमनाइट आढळल्याचे जाहीर केले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात हे खनिज सर्वांत मुबलक आहे, पण तेथून ते आपल्या हाती येत नाही. कमी दाबावर ते टिकत नाही. म्हणजे आपल्या पायांखाली शेकडो किलोमीटर खोल काय आहे, याचा नमुना विदर्भात वरून आला!

६. तुम्हाला दगड सापडला तर

(अ) दगड आकाराच्या मानाने जड आहे का, ते पाहा.
(आ) बाहेर पातळ, काळे, वितळून झालेले कवच आणि अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे आहेत का? तुटलेल्या बाजूवर धातूचे चमकते ठिपके किंवा गोल कण दिसतात का?
(इ) आत बुडबुड्यांची भोके असतील, तर तो बहुधा बेसाल्ट किंवा भट्टीतला मळ असतो.
(ई) शक्तिशाली लोहचुंबक लावू नका. दगडात जपलेली प्राचीन चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते.
(उ) जागेवरच छायाचित्र घ्या, दिवस, वेळ आणि ठिकाण लिहा. दगड न धुता स्वच्छ कागदात गुंडाळा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा. देशातील अशनींचा राष्ट्रीय संग्रह याच विभागाकडे आहे.

दगड स्वतःकडे ठेवला नाही, तर छंद कसला, असे तुम्ही विचाराल. उत्तर सोपे आहे. कपाटात ठेवलेल्या, नोंद नसलेल्या दगडाला गाव नसते, तारीख नसते आणि म्हणून इतिहासही नसतो. खरा संग्रह वहीत असतो, आणि ती वही कोणालाही सुरू करता येते.

स्वाध्याय

१. महाराष्ट्रात लोहचुंबकाची कसोटी अपुरी का पडते?
२. हॉवर्ड यांच्या रासायनिक पृथक्करणाने कोणता वाद सुटण्यास मदत झाली? कशी?
३. शेरघाटी आणि लोणार यांचा संबंध पाच ओळींत स्पष्ट करा.
४. तुमच्या जिल्ह्यात अशनिपाताची नोंद आहे का? असल्यास सूचीतील नाव व गावाचे खरे नाव यांची तुलना करा.