शेरा कोणाच्या हाती? मामलेदारांपासून गोपनीय अहवालापर्यंत

१/ सरकारी नोकरदारांच्या घरात ‘सीआर’ म्हणजेच गोपनीय अहवाल हा शब्द परिचयाचा असतो. वरिष्ठ अधिकारी दरवर्षी कर्मचाऱ्याच्या कामावर शेरा लिहितो आणि त्यावर बढती ठरते. वरिष्ठाच्या मर्जीवर भवितव्य टांगून राहण्याची ही धास्ती जुनी आहे. तिने १८८८ साली पुण्यात एक मोठे प्रकरण घडवले. 🧵

२/ आर्थर क्रॉफर्ड हे नाव मुंबईकरांना मंडईमुळे ठाऊक आहे. १८६५ साली ते मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. पुढे महसूल खात्यात मध्य विभागाचे कमिशनर म्हणून त्यांचा कारभार पुण्याहून चालू लागला.

३/ त्यांच्या हाताखाली मामलेदार होते. रयतेच्या दृष्टीने मामलेदार म्हणजे तालुक्यातले साक्षात सरकार. परंतु त्याची स्वतःची बढती व बदली कमिशनरच्या हाती असे.

४/ क्रॉफर्ड कर्जात बुडाले होते. बढती हवी असेल किंवा गैरसोयीची बदली टाळायची असेल तर पैसे मोजावे लागतात, असा बोभाटा झाला. अखेर गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी आरंभली. मध्यस्थ म्हणून हणमंतराव जहागीरदार यांना शिक्षा झाली.

५/ पण साक्ष कोण देणार? पैसे देणारे मामलेदारच खरे साक्षीदार, आणि लाच देणे हाही गुन्हाच. तेव्हा सरकारने त्यांना अभयवचन दिले. त्या भरवशावर अनेक मामलेदारांनी चौकशी आयोगापुढे आपली कहाणी सांगितली.

६/ आयोगाच्या मते लाचखोरी सिद्ध झाली नाही. मात्र आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका राहिला आणि क्रॉफर्ड यांची नोकरी गेली.

७/ इकडे लाच दिल्याची कबुली देणारे अधिकारी पदावर कसे, असा गदारोळ इंग्लंडात उठला. वचन असूनही काही मामलेदारांना सेवेतून काढण्यात आले. सरकारने दिलेला शब्द पाळावा, यासाठी लोकमान्य टिळकांनी १८८९ मध्ये त्यांची बाजू हिरिरीने लढवली.

८/ लाच देणे समर्थनीय नव्हतेच. पण ज्याच्या एका शब्दावर बढती अडते, त्याला नकार देण्याची किंमत मामलेदार जाणून होते. क्रॉफर्ड गेले, वरिष्ठाचे मत निर्णायक ठरण्याची रीत मात्र राहिली.

९/ स्वातंत्र्यानंतरही वार्षिक अहवाल ‘गोपनीय’च होता. साधारणतः प्रतिकूल शेरा तेवढा कर्मचाऱ्यास कळवला जाई. मग शेरा प्रतिकूल नसेल तर? हा प्रश्न देव दत्त या अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात नेला.

१०/ सीमेवरील रस्ते बांधणाऱ्या सेवेत ते कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘खूप चांगला’ शेरा आवश्यक होता. १९९३-९४ या वर्षी त्यांना नुसताच ‘चांगला’ मिळाला. तो प्रतिकूल नाही, म्हणून कळवला गेला नाही; आणि त्याच शब्दाने बढती अडवली.

११/ १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला. शेऱ्याचे नाव काय यापेक्षा त्याचा परिणाम काय, हे महत्त्वाचे. चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळवावा आणि त्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. सैन्यदलांस मात्र यातून वगळले. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते.

१२/ २००९ मध्ये केंद्र सरकारने ‘गोपनीय’ हे विशेषण वगळून ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हे नाव स्वीकारले आणि संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखवण्याचे ठरवले.

१३/ शेरा आजही वरिष्ठच लिहितो. त्याची आवडनिवड काही कायद्याने पुसली जात नाही. पण मामलेदारांपाशी नव्हती अशी एक गोष्ट आजच्या कर्मचाऱ्यापाशी आहे: आपल्याविषयी काय लिहिले ते वाचून, ‘हे मला मान्य नाही’ असे लेखी कळवण्याचा हक्क.