परतल्यावर खायचं काय?

१९९५च्या डेटन कराराने बोस्नियातल्या निर्वासितांना घरी परतायचा हक्क दिला. पण परतून खायचं काय? ब्रातुनात्स गावाचं उदाहरण बघा. शेजारच्या स्रेब्रेनित्सात त्याच वर्षी ८,०००हून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले होते. परतणाऱ्यांत कित्येक बायका एकट्याच होत्या.

२००३मध्ये इथे ‘इन्सिएमे’ ही सहकारी संस्था उभी राहिली. इटालियनमध्ये याचा अर्थ ‘एकत्र’. सभासद बोस्नियाक आणि सर्बही.

रास्पबेरीच का? थोडक्या जमिनीत पीक येतं, तोडणीला भरपूर हात लागतात. फळ मात्र दोन दिवसांत नासतं. म्हणून संस्थेचं शीतगृह महत्त्वाचं! माल गोठवून ठेवता आला, की व्यापारी म्हणेल त्या भावाला विकावा लागत नाही. आपल्याकडच्या दूध संघांचं गणित तुम्हाला माहीतच आहे. परतीचा हक्क टिकतो तो अशा गणितावर.